वाटलेला कोड विकता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन मित्रांच्या साथीनं तुम्ही पीडीएफ फाइलींमधले तक्ते वेचून काढणारी एक लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जोडता येणारा तयार कोड) लिहिलीत आणि चार वर्षांपूर्वी जीपीएल परवान्याखाली ती सगळ्यांसाठी खुली केलीत. हा परवाना कोड कोणालाही वापरू देतो, पण पुढे दुसऱ्याला देताना तो खुलाच ठेवायची अट घालतो. पुढे वीस-पंचवीस अनोळखी लोकांनी पॅच, म्हणजे कोडातल्या दुरुस्त्या आणि भर, पाठवले, ते तुम्ही घेतले. आता एका कंपनीला ती लायब्ररी आपल्या बंद, म्हणजे ज्याचा कोड ती कोणाला देत नाही अशा, उत्पादनात घालायची आहे आणि पैसे मोजायची तिची तयारी आहे. एकदा फुकट वाटलेला कोड विकता येतो का, कंपनीनं न विचारता तसाच उचलला तर काय करायचं, आणि उद्या सगळंच बंद करून टाकलं तर चालेल का, हे तुम्ही विचारलंय.

मी आधी बरीच वर्षं प्रोग्रॅमर होतो. आता कंपन्यांच्या कोडमध्ये कोणाचा परवाना कुठे दडून बसलाय ते शोधून देण्याचं काम करतो. मी वकील नाही, आणि करारावर सही करण्यापूर्वी तो तुमच्या देशाचा कायदा जाणणाऱ्या वकिलाला दाखवावाच लागेल. पण वकिलाकडे काय घेऊन जायचं ते मी सांगू शकतो. बहुतेक प्रकरणं कायद्यावर अडत नाहीत, कागदांवर अडतात.

आधी 'फुकट' हा शब्द बाजूला ठेवू. इंग्रजीत मोफत आणि मुक्त या दोन्हींसाठी 'फ्री' हा एकच शब्द, त्यामुळे तिकडे चाळीस वर्षं गोंधळ चालू आहे. आपल्या भाषेत दोन वेगळे शब्द आयते हाताशी आहेत, तरी आपण 'ओपन सोर्स म्हणजे फुकटचं' असं बिनदिक्कत म्हणतो. जीपीएलमागची चळवळ उभी करणारे रिचर्ड स्टॉलमन १९८५ मध्ये आपल्याच मुक्त एडिटरची, ईमॅक्सची, टेप १५० डॉलरला विकत होते. टेप घेणाऱ्यानं तिच्या शंभर नकला काढून वाटल्या तरी त्यांची हरकत नव्हती. पण त्यांच्याकडून टेप हवी तर पैसे पडायचे. पुढे १९९८ मध्ये ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था निघाली आणि तिनं ओपन सोर्सची दहा कलमी व्याख्या केली. त्यातलं सहावं कलम सांगतं की कोणत्याही क्षेत्रातल्या वापराला मज्जाव करता येणार नाही, आणि त्यात धंदाही आला. 'व्यापारी वापरास मनाई' एवढी एक ओळ तुम्ही परवान्यात घातलीत, की तो ओपन सोर्स उरतच नाही. खुल्याच्या विरुद्ध बंद. व्यापारी हा शब्द त्या जोडीत येतच नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर 'हो, विकता येतो' असं आहे. पण कंपनीला तुमच्याकडून जे हवंय ते कोड नव्हे. कोड ती आज रात्रीही उतरवून घेऊ शकते. तिला हवी आहे जीपीएलच्या अटींमधून सूट. आणि ही सूट देण्याचा अधिकार नेमका कोणाकडे आहे, तिथेच सगळी गोम आहे.

कोड लिहिला की त्याचा कॉपीराइट लिहिणाऱ्याकडे आपोआप येतो. नोंदणी लागत नाही, वर 'सर्व हक्क राखीव' लिहावं लागत नाही. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातल्या जवळपास सगळ्या देशांत हेच चालतं. (म्हणूनच ज्या रेपोमध्ये, म्हणजे प्रकल्पाचा कोड ठेवलेल्या जागी, परवान्याची फाइलच नाही तो कोड 'कोणाचाच नाही म्हणून सगळ्यांचा' नसतो. उलट तो सगळ्यात बंद असतो. हे मला महिन्यातून एकदा तरी कोणाला तरी समजावावं लागतं.) परवाना म्हणजे या मालकानं इतरांना दिलेली परवानगी. ती इतरांसाठी असते. मालक स्वतः तिनं बांधला जात नाही. त्यामुळे ती लायब्ररी अक्षरशः तुम्ही तिघांनीच लिहिली असती, तर तुम्ही जगाला ती जीपीएलखाली देत राहिला असतात आणि त्याच वेळी या कंपनीला वेगळ्या, बंद उत्पादनात चालेल अशा परवान्याखाली विकली असती. दोन्ही एकदम, आणि पूर्ण नैतिक. याला दुहेरी परवाना म्हणतात आणि हा धंदा जुना आहे.

मायएसक्यूएलनं तो सगळ्यात मोठ्या प्रमाणावर करून दाखवला. डेटाबेस जीपीएलखाली कोणालाही मिळायचा. ज्याला तो आपल्या बंद सॉफ्टवेअरबरोबर गुंडाळून विकायचा असेल त्यानं व्यापारी परवाना घ्यायचा. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सनं ती कंपनी सुमारे १ अब्ज डॉलरला घेतली. कोड तर जगभर पसरलेला होता, मग एवढे पैसे कशाचे? चालता धंदा आणि ग्राहक होतेच. पण त्याबरोबर कॉपीराइट आणि नावही गेलं, आणि धंदा त्यावरच उभा होता. २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या हाती गेली. त्याआधीच मूळ लेखकांपैकी एकानं मारियाडीबी हा फोर्क, म्हणजे त्याच कोडावरून निघालेला वेगळा प्रकल्प, काढला होता. या फोर्कला मायएसक्यूएलची प्रत्येक ओळ मिळाली, पण त्या ओळींची मालकी मिळाली नाही. म्हणून मारियाडीबीचा सर्व्हर आजही फक्त जीपीएलखालीच देता येतो; त्यातून सूट विकायचा अधिकार ओरॅकलकडे राहिला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या एका उदाहरणात जवळजवळ सगळं आहे.

आता त्या वीस-पंचवीस जणांकडे वळू. त्यांनी पॅच पाठवले तेव्हा त्यांच्याकडून काही लिहून घेतलं होतं का? तुमच्या पत्रावरून तरी नाही असं दिसतंय. मग कोड ठेवायच्या गिटहबसारख्या ठिकाणी जो नियम चालतो तो लागू होतो: ज्या परवान्याखाली रेपो आहे त्याच परवान्याखाली पॅच आला. म्हणजे त्या लोकांनी त्यांच्या ओळी तुम्हाला जीपीएलखाली दिल्या आहेत, त्याहून तसूभर जास्त नाही. तुम्ही त्यांच्या ओळी जीपीएलखाली विकू शकता, वाटू शकता, बदलू शकता. बंद परवान्याखाली देऊ शकत नाही. त्या बाबतीत तुम्ही आणि ती कंपनी एकाच रांगेत उभे आहात. 'प्रकल्प माझा आहे' या भावनेला इथे काही किंमत नाही, हे ऐकून प्रत्येक मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, वाईट वाटतं.

यावर तीन वाटा आहेत आणि बहुधा तिन्ही थोड्या-थोड्या वापराव्या लागतात. परवानगी मागायची, ओळी काढून टाकायच्या, किंवा पुन्हा लिहायच्या.

परवानगी मागण्याचं काम किती चिवट असतं ते व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या लोकांना विचारा. २०११ च्या जानेवारीत आयफोनवरचा व्हीएलसी ॲपच्या दुकानातून काढला गेला, कारण त्या दुकानाच्या अटी जीपीएलशी जुळत नाहीत अशी तक्रार प्रकल्पातल्याच एका डेव्हलपरनं केली होती. त्या वर्षी व्हीएलसीचं इंजिन जीपीएलवरून एलजीपीएल या त्याच्या सौम्य भावंडावर न्यायचं ठरलं. त्यासाठी शेकडो लोकांना गाठावं लागलं: जुने ईमेल, बदललेल्या नोकऱ्या, वर्षानुवर्षं प्रोग्रॅमिंगला न शिवलेली माणसं. ते पार पडलं, कारण एक माणूस हात धुऊन मागे लागला होता. लिनक्स कर्नलला, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्याला, हे कधीच करता येणार नाही. तिथे हजारो लोकांच्या ओळी आहेत, त्यातले काही आता हयात नाहीत, आणि कॉपीराइट कोणी एका ठिकाणी गोळा केलेला नाही. जीपीएलची तिसरी आवृत्ती २००७ मध्ये आली तेव्हा कर्नल दुसरीवरच राहिला. लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांना तिसरी आवडली नव्हती हे खरंच, पण आवडली असती तरी वाट नव्हती.

तुमचे पंचवीस म्हणजे शेकडो नव्हेत. शिवाय पंचवीसही बहुधा पंचवीस राहणार नाहीत. कोणी कागदपत्रांतलं शुद्धलेखन सुधारलं असेल, कोणी आवृत्तीचा आकडा बदलला असेल. अशा किरकोळ बदलांवर कॉपीराइट उभा राहत नाही. स्टॉलमन यांचा ग्नू प्रकल्प आपल्या मेंटेनरना ढोबळ नियम सांगतो की साधारण १५ ओळींहून कमी बदल कायद्याच्या दृष्टीनं नगण्य धरावा. पण एकाच माणसाचे असे दहा छोटे बदल असतील तर त्यांची बेरीज करावी. हा कायदा नाही, एका सावध संस्थेचा अंदाज आहे. मी तो वापरतो.

कोणाच्या ओळी किती, हे शोधताना एक फसगत नेहमी होते. लोक 'गिट ब्लेम' (बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधली, कोणती ओळ शेवटी कोणी बदलली ते सांगणारी आज्ञा) चालवतात, नावं मोजतात आणि खूश होतात. माझ्याकडे आलेल्या एका प्रकल्पात ब्लेमनुसार नव्वद टक्के फाइल एकाच मेंटेनरची होती. कारण काय, तर दोन वर्षांपूर्वी त्यानं टॅब काढून स्पेस घातल्या होत्या. सगळ्या ओळी त्याच्या नावावर चढल्या आणि खरे लेखक गायब झाले. तेव्हा ब्लेमला मोकळ्या जागांकडे दुर्लक्ष करायला सांगा, एका फाइलीतून दुसरीत हलवलेल्या ओळींचा माग काढायला सांगा, आणि तरीही मोठ्या कमिटांचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलांचा, इतिहास डोळ्यांनी वाचा. दोन दिवस जातील. आणखी एक: एखाद्यानं पॅच मेलनं पाठवला आणि तुम्ही तो स्वतःच्या नावानं कमिट केला असेल, तर गिटला ते कधीच कळणार नाही. ते तुम्हालाच आठवावं लागेल.

मग नोकरीचा मुद्दा. याकडे कोणाचंच लक्ष जात नाही आणि हाच सौदे मोडतो. बऱ्याच देशांत नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड कर्मचाऱ्याचा नसतो, मालक कंपनीचा असतो. आणि काही करारपत्रं तर घरी बसून रविवारी लिहिलेल्यावरही हक्क सांगतात. मी एका प्रकरणात पाहिलं, की सगळे हितकर्ते (पॅच पाठवणारे) सापडले, सगळ्यांनी आनंदानं होकार दिला, फक्त एकानं पॅच ऑफिसच्या ईमेलवरून पाठवला होता. त्याच्या होकाराला काही अर्थ नव्हता. त्याची कंपनी मध्यंतरी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती, आणि तिथल्या कायदे विभागात या पत्राला उत्तर देण्यात कोणाचाच फायदा नव्हता. शेवटी त्याच्या तीनशे ओळी काढून नव्यानं लिहिल्या. तेव्हा पंचवीस जणांना शोधायला निघण्याआधी तुमच्या दोन मित्रांना विचारा, ते तेव्हा कुठे कामाला होते. आणि स्वतःलाही विचारा.

नव्यानं लिहायची वेळ आली तर एक पथ्य पाळा. जुना कोड शेजारच्या खिडकीत उघडून त्याची नावं बदलत बसणं म्हणजे पुनर्लेखन नव्हे, ती नक्कलच. ते फंक्शन काय घेतं, काय देतं, कुठल्या चाचण्यांत उतरायला हवं, एवढंच कागदावर लिहा आणि तो कोड कधीही न वाचलेल्या माणसाकडून लिहून घ्या.

पुढच्या पॅचसाठी आजपासून काही लिहून घ्यायचं का? घ्या, पण काय घेताय ते कळून घ्या. डीसीओ नावाची एक पद्धत आहे, कर्नलवाल्यांनी २००४ मध्ये आणलेली: पॅचखाली एक 'साइन्ड-ऑफ' ओळ टाकायची. तिनं एवढंच सिद्ध होतं की पाठवणाऱ्याला तो कोड द्यायचा अधिकार होता. परवाना बदलायचा हक्क तिनं तुम्हाला मिळत नाही. तो हवा तर सीएलए लागतो, म्हणजे हितकर्त्यानं तुम्हाला व्यापक परवानगी देणारा करार. या दोन्हींची गल्लत मी अनुभवी लोकांकडूनही पाहिली आहे. सीएलए मागितलात तर काही लोक पॅच पाठवणं थांबवतील, आणि त्यांचं चुकत नाही. सीएलए देणं म्हणजे 'उद्या तुम्ही हे बंद केलंत तरी चालेल' असंच लिहून देणं असतं.

आता दुसरा प्रश्न: कंपनीनं न विचारता उचलला तर? तिनं तो कुठे वापरला यावर सगळं आहे. जीपीएल खासगी वापराला हात लावत नाही. कंपनीनं आपल्या कचेरीत चालवला, हवा तसा बदलला, त्यातून कोट्यवधी कमावले, तरी तुम्हाला ना पैसे मागता येतात ना बदल. अट लागू होते ती प्रत दुसऱ्याच्या हाती गेल्यावर: सॉफ्टवेअर ग्राहकाला दिलं, यंत्रात घालून विकलं, डाउनलोडला ठेवलं. तेव्हा त्या ग्राहकाला सोर्स कोड जीपीएलच्याच अटींवर मिळायला हवा, आणि त्यात तुमच्या लायब्ररीला जोडून एकजीव झालेला भागही येतो. बंद उत्पादनाच्या गळ्याला फास लागतो तो इथे.

हा फास खरा आहे का? २००३ मध्ये लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या घरगुती राउटरमध्ये लिनक्स सापडलं आणि सोर्सचा पत्ता नव्हता. आरडाओरडा झाल्यावर कंपनीला तो द्यावा लागला, आणि त्या कोडातूनच राउटरसाठीची ओपनडब्ल्यूआरटी ही खुली प्रणाली उभी राहिली. २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयानं जेकबसन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात सांगितलं की खुल्या परवान्याच्या अटी मोडणं हे कॉपीराइटचं उल्लंघन ठरू शकतं. विषय होता खेळण्यातल्या रेल्वेगाड्या चालवणारं सॉफ्टवेअर. लेखकानं ते फुकट दिलंय म्हणून त्याचं काही नुकसान झालं नाही, हा बचाव तिथे टिकला नाही.

एक गैरसमज मात्र दूर करा. जीपीएल मोडला की समोरच्याचा सगळा कोड आपोआप खुला होतो, असं काही नाही. होतं एवढंच की त्याची परवानगी संपते आणि तो विनापरवाना नक्कल वाटणारा ठरतो. मग तो उत्पादन मागे घेईल, तुमची लायब्ररी काढून टाकेल, भरपाई देईल, किंवा सोर्स देईल. यातलं काय करायचं ते त्याच्या हातात बरंच राहतं. तिसऱ्या आवृत्तीत तर पहिल्यांदा चुकणाऱ्याला सवलतही आहे: तुमची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत चूक सुधारली तर परवानगी परत मिळते. म्हणून पहिलं पत्र नेहमी सभ्य लिहावं. निम्म्याहून जास्त वेळा समोरच्या इंजिनिअरला आपण काय केलंय हेच माहीत नसतं.

पण तुमच्या बाबतीत यापेक्षा महत्त्वाचं काहीतरी आहे. पीडीएफमधून तक्ते काढणं हे सर्व्हरवर चालणारं काम आहे. वापरणारा फाइल चढवतो, तक्ता परत येतो, तुमच्या लायब्ररीची प्रत कंपनीच्या यंत्राबाहेर जातच नाही. जीपीएलच्या भाषेत काही 'वाटलं' गेलंच नाही. ही फट बुजवायलाच एजीपीएल आला, २००७ मध्ये: त्यात बदललेलं सॉफ्टवेअर नेटवर्कवरून वापरू दिलं तरी वापरणाऱ्याला सोर्स देऊ करावा लागतो. तुम्ही साधा जीपीएल घेतलात. तेव्हा कंपनीला आधी विचारा, की ग्राहक तुमचं उत्पादन आपल्या यंत्रावर बसवतो की तुमच्या सर्व्हरवर येऊन वापरतो? दुसरं असेल तर तिला तुमची सूट लागतच नाही, आणि ते त्यांच्या वकिलाला आज ना उद्या कळेल. वाटाघाट करताना हे तुम्हाला आधी माहीत असलेलं बरं.

तरीही ती पैसे देऊ करत असेल तर चकित होऊ नका. मोठ्या कंपन्या कोडपेक्षा निश्चिंतपणा विकत घेतात. एसक्यूलाइटचं उदाहरण मला फार आवडतं. तो डेटाबेस सार्वजनिक मालकीचा आहे, लेखकांनी त्यावरचा हक्कच सोडून दिलाय. कोणालाही, कशालाही, काही न विचारता वापरता येतो. आणि तरी त्याचे लेखक त्याचा परवाना विकतात, मालकीच्या हमीपत्रासकट! आमच्या वकिलांना काहीतरी कागद हवाच म्हणणाऱ्या कंपन्यांसाठी तो कागद आहे. तिथे बाहेरच्यांचे पॅच सहसा घेतले जात नाहीत, त्यामुळे प्रत्येक ओळ कोणाची ते त्यांना ठाऊक असतं, आणि म्हणूनच ते हमी देऊ शकतात. लिनक्सवर धंदा करणाऱ्या रेड हॅटनं हेच वेगळ्या पद्धतीनं केलं: कोड जीपीएलचा, विक्री वर्गणीची, म्हणजे दुरुस्त्या, प्रमाणपत्रं, अडल्यावर फोन उचलणारं माणूस. २०१९ मध्ये आयबीएमनं त्या कंपनीसाठी ३४ अब्ज डॉलर मोजले.

एमआयटी किंवा बीएसडीसारखा सैल परवाना घेतला असता तर हे सगळं उत्तर चार ओळींत संपलं असतं. कंपनी नाव आणि परवान्याचा मजकूर राखून कोड बंद उत्पादनात घालते, पैसे देत नाही, आणि तिचं काही चुकत नाही. सोनीच्या प्लेस्टेशन ४ ची प्रणाली फ्रीबीएसडीवर बेतलेली आहे, ती अशीच. एमआयटी निवडून नंतर 'मोठ्यांनी लुटलं' म्हणून गळा काढणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती आहे, पण परवान्यात त्यांनी स्वतःच 'घ्या' म्हणून लिहिलेलं असतं.

तिसरा प्रश्न, बंद करण्याचा. सुटलेला बाण परत येत नाही. ज्या आवृत्त्या जीपीएलखाली गेल्या त्या गेल्या. तिसऱ्या आवृत्तीत तर परवानगी मागे घेता येणार नाही असं स्पष्टच म्हटलंय. रेपो पुसून टाकलात तरी कोणाकडे तरी नक्कल असतेच आणि ती वाटायचा त्याला हक्क आहे. बंद करता येते ती पुढची आवृत्ती, तीही सगळ्या मालकांचा होकार असेल तर. आणि तेव्हा लोक काय करतात ते गेल्या काही वर्षांत लख्ख दिसलंय. हॅशिकॉर्पनं ऑगस्ट २०२३ मध्ये सर्व्हरची मांडणी करणाऱ्या आपल्या टेराफॉर्म या साधनाचा परवाना आवळला, तेव्हा शेवटच्या खुल्या आवृत्तीवरून ओपनटोफू निघालं. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसनं बीएसडी सोडला, त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या छताखाली व्हॅल्की उभं राहिलं. सर्च इंजिन बनवणाऱ्या इलास्टिकनं २०२१ मध्ये असंच केलं होतं आणि ॲमेझॉननं ओपनसर्च काढलं. गंमत अशी की इलास्टिकनं २०२४ मध्ये आणि रेडिसनं २०२५ मध्ये एजीपीएलचा पर्याय परत ठेवला. फोर्क मात्र परत फिरले नाहीत. या कंपन्यांकडे शेकडो पगारी प्रोग्रॅमर होते म्हणून त्यांनी ते झेपवलं. तुम्ही तिघांनी हा प्रयोग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

लायब्ररीच्या नावाचा विचार मात्र करा. कोडाचा परवाना नावाला लागू होत नाही. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या लोकांना फायरफॉक्सचा कोड हवा तसा बदलता येत होता, पण बदलून 'फायरफॉक्स' म्हणायला तो बनवणाऱ्या मोझिलाची हरकत होती. म्हणून २००६ पासून दहा वर्षं डेबियनमध्ये तो 'आइसवीझल' नावानं नांदला. नाव तुमच्या ताब्यात असेल तर फोर्क निघाला तरी लोकांना अस्सल कोणतं ते कळतं.

कंपनीशी बोलताना कॉपीराइट विकू नका, अनन्य, म्हणजे फक्त तिच्यापुरता, परवानाही देऊ नका. अनन्य नसलेला परवाना द्या, आणि खुली आवृत्ती जीपीएलखाली चालूच राहील हे करारात लिहून घ्या. 'या कोडावर इतर कोणाचाही हक्क नाही' अशी हमी ते मागतील; तिथे तुमच्या जबाबदारीची रक्कम मिळणाऱ्या पैशांपुरती मर्यादित करून घ्या. हितकर्त्यांना पत्र लिहाल तेव्हा किती पैसे येणार आहेत आणि त्यातलं त्यांना काय, हे पहिल्या परिच्छेदात सांगा. लपवलंत आणि नंतर कळलं तर ती माणसं आणि त्यांचे पॅच दोन्ही जातील. मौन म्हणजे संमती हे इथे चालत नाही. ज्याचं उत्तर आलं नाही त्याच्या ओळी पुनर्लेखनाच्या यादीत टाका.

पण हे सगळं करण्याआधी आज संध्याकाळी एक काम करा. पीडीएफ फाइल उघडण्याचं मूळ काम तुमची लायब्ररी स्वतः करते की दुसऱ्या कोणावर सोपवते, ते बघा. तुम्ही पॉपलर या पीडीएफ वाचणाऱ्या लायब्ररीला जोडून घेतलं असेल, तर तो एक्सपीडीएफ या जुन्या पीडीएफ वाचकावरून निघालेला जीपीएलचा फोर्क आहे. मारियाडीबीची जी गत तीच त्याची: बंद परवाना विकू शकेल असा एक मालकच तिथे नाही. तुमच्या पंचवीसही जणांनी सह्या केल्या तरी कंपनीला जे हवंय ते तुम्ही देऊ शकणार नाही. म्यूपीडीएफ असेल तर ते एजीपीएलखाली आहे, म्हणजे वर सांगितलेली सर्व्हरची फटही बंद; पण त्याचा व्यापारी परवाना विकत मिळतो, तो कंपनीनं वेगळा घ्यायचा. पीडीएफियम किंवा पीडीएफबॉक्स असेल तर ते सैल परवान्याचे आहेत, अडचण नाही. आणि पॉपलर निघालाच, तर लायब्ररी पीडीएफियमवर हलवायला किती आठवडे लागतील ते मोजून, तेवढं काम आणि त्याची किंमत धरूनच कंपनीला आकडा सांगा.